डिग्री करू की नको? सारखे सारखे येणारे प्रश्न

निकाल लागले की आमच्या सेंटरवर कॅपचे (सरकारच्या केंद्रीय प्रवेशाचे) फॉर्म, महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल), उत्पन्नाचे दाखले यांची लाइन लागते, आणि फॉर्म भरता भरता जो तो तेच विचारतो, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच. म्हणून खरोखर वारंवार येणारे प्रश्न इथे एका जागी टाकलेत. एकच उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा, त्यामुळे गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. मी काउन्सेलर वगैरे नाही, फॉर्म भरून देणारा माणूस आहे, पण कोण कुठे अ‍ॅडमिशनला गेलं आणि चार वर्षांनी कुठला दाखला काढायला परत आलं हे आमच्या काउंटरवरून बरोबर दिसतं.

१. दादा, सरळ सांगा ना, डिग्री करून फायदा होतो की नाही?

कागदाचा होतो. बाकीच्याचा कॉलेज बघून.

म्हणजे असं की डिग्रीच्या नावाखाली आपण दोन गोष्टी एकत्र विकत घेतो. एक तो कागद, जो नसला की कितीतरी फॉर्म भरताच येत नाहीत. दुसरं म्हणजे तिथे खरंच काही शिकायला मिळणं, लॅब, कॅम्पस प्लेसमेंट, चांगली मुलं आजूबाजूला असणं. कागद स्वस्त आहे, अनुदानित कॉलेजात बीए-बीकॉम वर्षाला काही हजारांत होतं. दुसरी गोष्ट महाग आहे आणि पैसे भरले म्हणून मिळतेच असं अजिबात नाही. माझं मत विचाराल तर कागद घ्याच, पण नुसत्या कागदाला लाखो रुपये मोजू नका. लाखात फी असेल तर ते कॉलेज कागदाशिवाय काय देतंय हे आधी बघायचं. खालची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिलीत.

२. डिग्री नसेल तर नक्की काय काय अडतं?

सरकारी नोकरीत सगळ्यात जास्त. एमपीएससीची राज्यसेवा, पीएसआय-एसटीआय-एएसओ, तलाठी, यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेस, बँकेचं क्लार्क आणि पीओ, एसएससी (म्हणजे केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे) सीजीएल, हे सगळं ग्रॅज्युएशनशिवाय नाही. कुठल्याही शाखेची चालते, फर्स्ट क्लास पण लागत नाही बहुतेक ठिकाणी, पण पाहिजे म्हणजे पाहिजे.

डिग्रीशिवाय काय होतं तेही बघा, कारण ते कोणी सांगत नाही. पोलीस शिपाई बारावीवर, एसएससी सीएचएसएल बारावीवर, पोस्टातलं ग्रामीण डाक सेवक दहावीवर, सीआरपीएफ-बीएसएफची जीडी भरती दहावीवर. महावितरणच्या विद्युत सहायकाला ग्रॅज्युएशन नाही, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि आयटीआय चालतं.

प्रायव्हेटमध्ये लेखी नियम नसतो पण पहिली चाळणी तीच असते. कंपनीच्या पोर्टलवर ग्रॅज्युएशनचं वर्ष आणि टक्के हे रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही. आणि आत लागलेल्या माणसाला दहा वर्षांनी सुपरवायझरचा मॅनेजर करताना पण तोच कागद मागतात, ही तक्रार घेऊन चाळिशीतली माणसं येतात माझ्याकडे. त्यांच्यासाठी प्रश्न १९.

३. शिकलेलीच पोरं जास्त बेकार आहेत असं पेपरात आलं होतं, मग कशाला शिकायचं?

आलं होतं आणि आकडा खरा आहे. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भारताच्या रोजगारावर रिपोर्ट आला, त्यात २०२२ सालासाठी ग्रॅज्युएट तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमधली ३.४ टक्के होती.

पण त्यावरून न शिकलेला मजेत आहे असं धरू नका. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटायची सोय नाही तो बेकार बसूच शकत नाही, मिळेल त्या मजुरीवर जातो आणि सर्व्हेत तो कामावर आहे असंच लागतं. ग्रॅज्युएटला घरचे एक-दोन वर्षं सांभाळतात, तो मनासारखी नोकरी शोधत बसतो म्हणून बेकार मोजला जातो. तरी दुसरी बाजू पण खरी आहे, डिग्र्या वाढल्या तेवढ्या बऱ्या पगाराच्या नोकऱ्या वाढल्या नाहीत. नुसत्या डिग्रीवर नोकरी लागायचे दिवस गेले, हे त्या आकड्यातून घ्या.

४. खर्च धरायचा कसा? आम्ही फक्त फी बघितलीय.

सगळे फक्त फीच बघतात आणि तिथेच फसतात. पुण्यात शिकायला पाठवायचं म्हटलं की कॉट बेसिसवर रूम, डिपॉझिट, मेस, पीएमपीचा पास नाहीतर गाडी आणि पेट्रोल, लॅपटॉप, परीक्षा फी, आणि दिवाळी-गणपतीला येणं-जाणं. मध्यम फीच्या कॉलेजात चार वर्षांचा राहण्या-खाण्याचा खर्च बऱ्याचदा फीच्या बरोबरीला येतो. म्हणून गावापासून रोज एसटीने जाता येईल असं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळत असेल तर पुण्यातल्या नाव न ऐकलेल्या कॉलेजापेक्षा मी तेच सांगतो, पोराला राग आला तरी.

आणि वेळ पण खर्चात धरा. त्या तीन-चार वर्षांत पोरगा महिन्याला बारा-पंधरा हजार कमवू शकला असता तर ते पाच-सहा लाख होतात. ते पैसे गेले असं म्हणत नाही, पण हिशोबात लिहा.

हॉस्टेल न मिळालेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, बाकीच्यांपैकी अटीत बसणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अटी वेगवेगळ्या आहेत पण कितीतरी पात्र मुलं फॉर्मच भरत नाहीत.

५. इंजिनिअरिंगला प्रायव्हेट कॉलेज लागलंय, घेऊ की बीएस्सी करू?

हा जून-जुलैमधला एक नंबरचा प्रश्न. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून गल्लोगल्ली इंजिनिअरिंग झालंय, त्यामुळे "इंजिनिअर" या शब्दाला आता तसा काही भाव नाही, कुठून केलं त्याला आहे.

पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि आयसीटी, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, कराड-अमरावतीची सरकारी कॉलेजं, इथे लागलं असेल तर विचारत बसू नका, ब्रँच थोडी इकडची तिकडची असली तरी घ्या. बाकी कॉलेजांचं एक-एक बघावं लागतं.

बघायचं काय तर प्लेसमेंटचं ब्रोशर नाही. त्यात "हायेस्ट पॅकेज" एका पोराचं असतं आणि त्याचाच फोटो हायवेच्या होर्डिंगवर. तुम्ही कॉलेजच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर लास्ट इयरच्या पोरांना विचारा की तुझ्या वर्गात किती जण आणि आजपर्यंत ऑफर लेटर किती जणांच्या हातात. दहा मिनिटांत कळतं. दुसरं, मागच्या वर्षी कॅपच्या शेवटच्या राउंडला सीटा किती रिकाम्या राहिल्या ते बघा. ज्या कॉलेजात फुकट जायला पण पोरं तयार नाहीत तिथे तुम्ही फी भरून का जायचं?

मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज किती वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलंय. तोच पगार डोळ्यासमोर ठेवून लोनचं गणित करा, ते पुढच्या प्रश्नात आहे. बीएस्सी की इंजिनिअरिंग याचं एका ओळीत उत्तर नाही, पण बीसीए-बीएस्सी कॉम्प्युटर करून प्रश्न १५ मधल्या रस्त्याने गेलेली पोरं काही वेळा भंगार कॉलेजच्या बीईपेक्षा लवकर कमवायला लागतात.

६. एज्युकेशन लोन काढून शिकवावं का?

आधी ईएमआय काढा, मग ठरवा. एक उदाहरण करून दाखवतो. समजा पाच लाखांचं लोन, वर्षाला सव्वा लाख असं चार वर्षांत उचललं, व्याज साडेदहा टक्के धरलं. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं व्याज पण नाही. व्याज चालू असतं. साध्या व्याजाने पाच वर्षांत ते सुमारे १ लाख ८४ हजार होतं, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी पाच लाखांचे ६ लाख ८४ हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण साडेअकरा हजार. साडेतीन लाख पॅकेजवाल्याच्या हातात पीएफ वगैरे जाऊन पंचवीस हजारांच्या आसपास येतात, त्यातून साडेअकरा गेले की हिंजवडीत रूमचं भाडं, जेवण, घरी काय पाठवणार?

तेच व्याज तुम्ही दर महिन्याला भरत गेलात तर हप्ता साडेआठ हजारांच्या आत राहतो. वडिलांना जमत असेल तर हे नक्की करा.

नियम थोडक्यात: चार लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राची व्याज सवलत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली, त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या लोनवर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती ठरावीक चांगल्या रँकच्या संस्थांनाच, त्यामुळे आधी लिस्टमध्ये आपलं कॉलेज आहे का बघा. भरलेल्या व्याजावर ८०ई खाली आठ वर्षं इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, ती जुन्या टॅक्स पद्धतीतच.

सोनं मोडून किंवा शेतीवर कर्ज काढून फी भरायला मी कोणालाच सांगत नाही. आणि सावकाराकडे तर जाऊच नका.

७. मुलींना फी माफ झालीय ना, मग कॉलेजने फी का मागितली?

गेल्या हंगामातला सगळ्यात जास्त भांडणाचा विषय. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. मुलांना शाहू महाराज शिष्यवृत्तीत ५० टक्के. एससी-एसटीची योजना वेगळी, जुनीच आहे.

आता गोम कुठे असते बघा. पावतीवर ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी आणि खाली इतर असे रकाने असतात. माफी ट्यूशन आणि परीक्षेची, डेव्हलपमेंट आणि इतर फी भरावी लागते. पालक "सगळं फ्री" ऐकून आलेले असतात, मुलीचे वडील अलॉटमेंट लेटर हातात घेऊन इथे बसतात, मी एकेक रकाना बोटाने दाखवतो तेव्हा कुठे पटतं.

दुसरं, अ‍ॅडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की माफी गेली. आणि खासगी युनिव्हर्सिटी किंवा खासगी अभिमत विद्यापीठ असेल तर योजना लागूच नाही, मुलीच्या घरचं उत्पन्न कितीही कमी असो. शहराबाहेर मोठं कॅम्पस, नावापुढे युनिव्हर्सिटी, अशा ठिकाणी पैसे भरायच्या आधी हे विचारा.

महाडीबीटीचा फॉर्म दरवर्षी रिन्यू करायचा असतो, फर्स्ट इयरला भरला म्हणजे झालं असं नाही. आणि बँक खातं आधारला लिंक पाहिजे, यात निम्म्या लोकांचे पैसे अडकतात.

८. कॉलेजवाले "थोडं वरचं" मागतायत, देऊ का?

नको. १९८७ च्या कायद्याने डोनेशन घ्यायला महाराष्ट्रात बंदी आहे. प्रायव्हेट कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार फी त्यांच्या साइटवर असते, ती बघून जा. पावती न देता मागितलेला रुपया हा डोनेशनचाच. आणि खरं सांगू का, ज्या कॉलेजला वरचे पैसे घेऊनच पोरं भरावी लागतात ते प्रश्न ५ मधल्या टपरीच्या परीक्षेत सहसा नापास असतं.

९. दहावीनंतर अकरावी घेऊ की डिप्लोमा?

पोराला मशीन, वायरिंग, बांधकाम यात खरंच रस असेल आणि मार्क बरे असतील तर सरकारी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा मला आवडतो. अ‍ॅडमिशन दहावीच्या मार्कांवर, सीईटी नाही, सरकारी पॉलिटेक्निकची फी दहा हजारांच्या आत-बाहेर, तीन वर्षांनी हातात काहीतरी असतं. नोकरी करायची तर करता येते, पुढे शिकायचं तर थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जाता येतं, तिथेही सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. बारावी-सीईटीच्या क्लासचे लाख-दीड लाख वाचतात ते वेगळेच.

पण दोन गोष्टी. डिप्लोमाचं गणित पहिल्याच वर्षी खाली पाडतं, दहावीला पन्नास-पंचावन्न टक्केवाल्यांच्या खूप केट्या (नापास झालेले विषय) राहतात. आणि डॉक्टर, फार्मसी, शुद्ध विज्ञान असलं काही मनात असेल तर अकरावी सायन्सच घ्या, नंतर वळता येत नाही.

१०. आयटीआय म्हणजे ढ पोरांचं असं घरचे म्हणतात.

म्हणू द्या. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष, सरकारी आयटीआयची फी नगण्य. त्यानंतर अप्रेंटिसशिप करायची, चांगल्या कंपनीतली मिळाली तर तिथलाच शिक्का पुढे उपयोगी पडतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, सगळीकडे चांगल्या मेंटेनन्सवाल्याला आणि सीएनसीवाल्याला मागणी आहे.

गोड गोड सांगत नाही, खरी अडचण कंत्राटीची आहे. कंपनीच्या गेटच्या आत काम करतो पण पगार ठेकेदार देतो, सहा-सात महिन्यांनी ब्रेक, परत नवा. पर्मनंट व्हायला वर्षं जातात, काही कधीच होत नाहीत. म्हणून मी आयटीआयच्या पोरांना सांगतो, कामाला लागल्या लागल्या मुक्त विद्यापीठातून डिग्रीचा फॉर्म टाकून ठेव, प्रश्न १२ बघ. हात आणि कागद दोन्ही असलं की ठेकेदाराच्या तावडीतून निघायला बरं पडतं.

११. बीए-बीकॉम म्हणजे टाइमपास डिग्री ना?

तुम्ही टाइमपास केला तर टाइमपास. तीन वर्षं नुसतं नाव घालून परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचणाऱ्याला काहीच येत नाही हे खरं. पण याच डिग्रीचा मोठा फायदा म्हणजे ती स्वस्त आहे आणि दुपार मोकळी सोडते. त्या दुपारी काय करता यावर सगळं आहे. बीकॉम करता करता एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे बसून टॅली, जीएसटी रिटर्न शिकलेली मुलगी डिग्री हातात यायच्या आधी कमवायला लागते, आमच्या शेजारच्याच गाळ्यात तशी एक आहे, आणि मार्च महिन्यात तिला जेवायला वेळ नसतो.

सीए करायचं असेल तर बारावीनंतर फाउंडेशनने थेट जाता येतं, डिग्रीची सक्ती नाही, तरी सोबत बीकॉम ठेवतातच सगळे कारण सीए किती वर्षांत सुटेल ते कोणाच्या हातात नसतं.

१२. मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का? लोक म्हणतात व्हॅल्यू नाही.

चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, केंद्राचं मुक्त विद्यापीठ इग्नू १९८५ पासून. मान्यता असलेल्या संस्थेची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने (विद्यापीठांवर लक्ष ठेवणारा केंद्राचा आयोग) सप्टेंबर २०२२ मध्ये परत स्पष्ट केलंय. एमपीएससी-यूपीएससी-बँकेला मुक्तवाल्यांचे फॉर्म मी दरवर्षी भरतो.

अडतं कुठे ते सांगतो. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली, आर्किटेक्चर डिस्टन्सने होत नाही, कोणी "करून देतो" म्हणाला तर पळा. दुसरं, बारावी न करता थेट डिग्री घेतली असेल तर काही भरत्यांत दहावी-बारावी-ग्रॅज्युएशन असा क्रम मागतात आणि कागदपत्र तपासणीत बाहेर काढतात, म्हणून आधी बारावी करा, १७ नंबरचा (बाहेरून परीक्षा द्यायचा) फॉर्म भरून का होईना. तिसरं, अ‍ॅडमिशनच्या वर्षी त्या कोर्सला यूजीसीच्या डिस्टन्स विभागाची मान्यता आहे का ते साइटवर बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने दोन डिग्र्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय, एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स चालतं. पण दोन्हीच्या परीक्षा एकाच तारखेला आल्या तर कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

१३. एमपीएससी करायचीय, त्यासाठी कुठली डिग्री सोपी?

डिग्री कुठलीही चालते म्हणून बीए घेणारे खूप आहेत, चुकीचं नाही. इतिहास-राज्यशास्त्र-भूगोल झाला तर अभ्यासालाही उपयोगी. लास्ट इयरला असताना पूर्व परीक्षेचा फॉर्म भरता येतो.

मला वेगळंच बोलायचंय. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयाची मुभा आहे, आणि हीच मुभा पोरांना खाते. पुण्यात पेठेत अभ्यासिकेत सीट घेऊन तिशी ओलांडतात, जाहिरात लांबते, कोर्टात स्टे येतो, निकाल येतो, चार मार्कांनी जातं. म्हणून डिग्री घेतानाच अशी घ्या की एमपीएससी नाही झाली तरी काहीतरी हातात राहील. बीएला टाकताय तर सोबत एखादं कौशल्य ठेवा. आणि घरच्यांशी आधीच ठरवा किती वर्षं, आकडा तोंडाने बोलून ठरवा.

१४. नवीन शैक्षणिक धोरणात डिग्री तीन वर्षांची की चार? मध्येच सोडली तरी सर्टिफिकेट मिळतं म्हणे.

दोन्ही आहेत. तीन वर्षांनी नेहमीची डिग्री, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चार वर्षांवाल्याला पुढे एमए-एमएस्सी एका वर्षात होतं. एका वर्षाने बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, पण त्यासाठी जादा चार क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप) कौशल्याचं काम करावं लागतं, नुसतं कॉलेज सोडलं की घरी सर्टिफिकेट येत नाही. क्रेडिट अकादमिक बँकेत जमा राहतात, परत येऊन पूर्ण करता येतं, एकूण सात वर्षांची मर्यादा.

नोकरीच्या फॉर्ममध्ये मात्र हे एक वर्षाचं सर्टिफिकेट ग्रॅज्युएशन म्हणून चालत नाही. आणि पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाशी याचा काही संबंध नाही, नाव एक आहे म्हणून गोंधळू नका. चौथं वर्ष कोणी करावं तर ज्यांना संशोधन किंवा परदेश (प्रश्न १७) करायचंय त्यांनी, बाकीच्यांनी तिसऱ्या वर्षी निघावं असं मला वाटतं.

१५. यूट्यूबवर सांगतात आता डिग्री लागत नाही, स्किल लागतं. कोडिंग शिकून थेट नोकरी?

जे सांगतात त्यांच्या स्वतःच्या बायोमध्ये बघा, बहुतेकांची डिग्री असते, आणि खाली कोर्सची लिंक पण असते.

गंमत सोडा. डिग्रीशिवाय आयटीत गेलेले आहेत, पण त्यांनी दाखवण्यासारखं काम आधी केलेलं असतं आणि ओळखीतून पहिली एंट्री मिळालेली असते. ज्याच्या घरात कोणी आयटीत नाही त्याला एचआरच्या चाळणीतून जायला डिग्रीच लागते. मधला रस्ता आहे. एचसीएलचा टेकबी बारावीनंतर घेतो, विप्रो बीसीए-बीएस्सीवाल्यांना कामाला लावून पुढचं शिकवतं, अप्रेंटिसशिप जोडलेल्या डिग्र्या पण यूजीसीने आणल्यात. बॉण्ड किती वर्षांचा आणि मध्येच सोडलं तर किती भरायचे हे वाचूनच सही करा.

"१०० टक्के जॉब गॅरंटी" लिहिणाऱ्या क्लासला लाखभर फी देण्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. एआयमुळे फ्रेशरचं काम कमी होतंय ही भीती पण खरी आहे, पण तिचा अर्थ शिकू नका असा होत नाही, वर्गातले सगळे शिकतात तेवढंच शिकून थांबू नका असा होतो.

१६. डीएड-बीएड करू का? शिक्षकाची नोकरी चांगली.

नोकरी चांगली आहे, मिळाली तर. एक काळ असा होता की डीएडला लागलं म्हणजे घरात पेढे. मग कॉलेजं इतकी निघाली की पास होऊन बसलेल्यांची रांगच संपेना. आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (अभियोग्यता चाचणी), मग पवित्र हे भरतीचं पोर्टल, आणि भरती कधी निघेल ते नशीब. संस्थेत "आत घालायला" काही लाख मागणारे भेटतील, त्यांच्या नादी लागून जमीन विकलेली घरं आमच्या भागात आहेत. शिकवायची खरी आवड असेल आणि चार-पाच वर्षं थांबायची घरची ताकद असेल तरच या वाटेला या.

१७. परदेशात जायचंय, आपली तीन वर्षांची डिग्री चालते का?

देश आणि युनिव्हर्सिटी बघून. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या मास्टर्सला एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आपलं बारावी अधिक तीन म्हणजे पंधरा होतात, म्हणून चार वर्षांचं इंजिनिअरिंग किंवा ऑनर्स सोपं पडतं. अमेरिकेत नोकरी करायच्या एच-१बी व्हिसाला बॅचलर्स किंवा त्याच्या बरोबरीचं लागतं, तीन वर्षांवाल्यांना अनुभव जोडून दाखवावा लागतो.

जर्मनीचं वेगळं आहे, तिथे नर्स, इलेक्ट्रिशियन असल्या कुशल लोकांची टंचाई आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार पण केला. तिथे डिग्रीपेक्षा जर्मन भाषेत पोरं अडकतात. एजंटला पैसे द्यायच्या आधी भाषेची पहिली लेव्हल पास होऊन बघा, जमतंय का ते कळेल.

१८. तीन-चार केट्या राहिल्यात, सोडून कामाला लागू का?

कामाला लागा, पण सोडू नका. डिग्रीतला सगळ्यात तोट्याचा सौदा म्हणजे अर्धी डिग्री, पैसे आणि वर्षं गेलेली आणि फॉर्मवर लिहायला परत बारावीच. इंजिनिअरिंगची चार वर्षं पूर्ण करून दोन विषय राहिलेली पोरं कंपनीत बारावी पास म्हणून लागतात, हे बघवत नाही.

आधी युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात जाऊन तुमच्या बॅचला किती वर्षांची मुदत आहे ते विचारा, पॅटर्न बदलला असेल तर कुठला पेपर द्यायचा तेही. एका वेळी सगळे विषय नका भरू, दोन-दोन काढा. मात्र फर्स्ट इयरलाच सगळं बुडालं असेल आणि मनच नसेल तर ते चौथ्या वर्षापर्यंत ओढू नका, तेव्हा बाहेर पडून दुसरी लाइन धरणं स्वस्त पडतं.

१९. माझं वय ३५, बारावी पास, कंपनीत आहे. आता डिग्री करून काय मिळणार?

प्रमोशनच्या नियमात ग्रॅज्युएशन लिहिलं असेल तर नक्की करा, एचआरला आधी लेखी विचारून घ्या की डिस्टन्सची चालेल का. कामावर राहून मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत होते, पगार बुडत नाही. उगाच सर्टिफिकेट भिंतीवर पाहिजे म्हणून करताय तरी हरकत नाही, आमच्याकडे एका काकूंनी आणि त्यांच्या सुनेने दोघींनी मिळून बीए केलं. सासूबाईंना मार्क जास्त पडले, त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

फक्त "सहा महिन्यांत मागच्या तारखेची डिग्री" देणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. व्हेरिफिकेशनला कंपनी थेट युनिव्हर्सिटीला विचारते, नोकरी तर जातेच, वर पोलीस केस. बोगस युनिव्हर्सिट्यांची यादी यूजीसीच्या साइटवर असते.

२०. घरची शेती किंवा दुकानच बघायचंय, तरी डिग्री?

स्वस्तात होत असेल तर हो. द्राक्षाची बाग सांभाळत बीए केलेली पोरं आहेत. डिग्रीने द्राक्ष गोड होत नाही, पण धंदा बसला तर दुसरीकडे फॉर्म भरता येतो. आणि लग्नाच्या बाजारात "ग्रॅज्युएट आहे का" हे मुलीकडचे पहिल्या फोनवर विचारतात, हे आवडो न आवडो. मात्र या कारणासाठी लाखांची फी भरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

२१. कॉलेजने एका कोर्सचं नाव बदललंय, बीबीए होतं ते आता वेगळंच काहीतरी. फसवणूक आहे का?

२०२४-२५ पासून बीबीए-बीसीए-बीएमएस या कोर्सना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता आणि राज्याची सीईटी लागू झाली, तेव्हा काही कॉलेजांनी सीईटी टाळायला नावं बदलली. डिग्री बेकायदेशीर होतेच असं नाही, पण तुमच्या मार्कशीटवर कुठलं नाव येणार, युनिव्हर्सिटीच्या यादीत तो कोर्स आहे का आणि त्याला शिष्यवृत्ती लागू आहे का हे तिन्ही लेखी विचारा. तोंडी "तेच आहे हो, काळजी करू नका" यावर जाऊ नका.

२२. अ‍ॅडमिशन घेतली, आता दुसरीकडे लागलंय किंवा सोडायचंय, पण कॉलेज ओरिजिनल कागद देत नाही. पूर्ण कोर्सची फी भरा म्हणतंय.

ओरिजिनल अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने २०१८ मध्येच तसं स्पष्ट बजावलंय, कॉलेजने तपासून लगेच परत द्यायचे असतात. उरलेल्या वर्षांची फी मागणं पण चालत नाही. भांडायला जाऊ नका, असं करा: प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती ठेवा, सोबत ईमेल. कॅन्सलेशन कॅपच्या पोर्टलवरून करायचं असेल तर कट-ऑफ तारखेच्या आत ऑनलाइन आधी करा, कारण त्या तारखेवर रिफंड अवलंबून असतो आणि शेवटच्या दिवशी साइट हमखास बसते. आठ-दहा दिवसांत हालचाल नाही झाली तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका, इंजिनिअरिंग-मॅनेजमेंट असेल तर एआयसीटीई आणि सीईटी सेलला पण. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो तक्रारीला जोडायचा, तो नसेल तर तक्रार फिरून परत तुमच्याकडेच येते.